कलमाचा शेंडा वाळला? पंप उचलण्याआधी साल सोला

पाऊस सरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या रोपवाटिकांतून एकच तक्रार येते. कलमं जीव धरून होती, एक-दोन पालव्या फुटल्या होत्या, आणि आता शेंडे काळे पडून वाळताहेत. उत्तरही ठरलेलं असतं: बुरशी आहे, काहीतरी मारा. मग पंप पाठीवर चढतो. कलम हातात घेऊन साल मात्र कुणी सोललेली नसते.

आंब्या-काजूच्या लहान कलमाचा शेंडा अनेक कारणांनी वाळतो. पाणी, ऊन, किडा, कलम बांधलेली आणि आवळत गेलेली पट्टी, कुजलेलं मूळ, पानांवर ठिपके पाडणारा करपा आणि खोडावरचा कँकर, म्हणजे साल आणि लाकूड मारत जाणारी बुरशीची जखम. लांबून बघितलं तर सगळ्यांचा शेवट सारखाच दिसतो, काळी वाळकी काडी. फरक असतो तो मेलेला भाग आणि जिवंत भाग जिथे भेटतात त्या सीमेवर. ती सीमा बघायची तर चाकू लागतो, आणि एखादं कलम बळी द्यायची तयारी.

बुरशी कोणती आणि ती ऑक्टोबरातच का दिसते

आपल्याकडे आंब्याच्या कलमांवर हा रोग मुख्यतः लासिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही बुरशी आणते. जुन्या पुस्तकांत आणि माहितीपत्रकांत तिचं नाव बोट्रिओडिप्लोडिया थिओब्रोमी असं आढळेल. बुरशी तीच, नाव बदललं. पेटीतला हापूस देठाकडून काळा पडत सडतो, त्या देठकुजीतही हीच सापडते. तिचं कुळ बोट्रिओस्फेरिएसी. याच कुळातल्या बुरशा कॅलिफोर्नियात अक्रोडाच्या फांद्या वाळवतात. म्हणून अक्रोडाच्या रोपांवरचा कँकर कसा ओळखावा हे सांगणारी परदेशी माहिती वाचताना बरीचशी लक्षणं ओळखीची वाटतात. झाड वेगळं, हवामान वेगळं, पण लाकडात शिरायची पद्धत एकच.

या बुरशीची सवय अशी की ती झाडात शिरल्याबरोबर रोग करत नाही. निरोगी दिसणाऱ्या फांदीत, पानाच्या देठाच्या खुणेत, सालीत ती कित्येक महिने गुपचूप राहते. कलमकाडी, म्हणजे रोपावर जोडायची काडी, अशा फांदीवरून घेतली तर बुरशी काडीबरोबरच पिशवीत येते. पावसाळ्यात कलमाला पाणी भरपूर, ऊन कमी, म्हणून ते तग धरून राहतं. पाऊस थांबतो, शेडनेट काढली जाते, पिशवीतली माती दुपारी सुकते, कलम पाण्याला आसुसतं, आणि बुरशीला वाट मोकळी होते. थोडक्यात, लागण जून-जुलैची आणि लक्षण ऑक्टोबरचं. असाच दुसरा झटका मार्च ते मे या काळात बसतो, विशेषतः विकली न गेलेली कलमं उन्हात पडून असली तर.

बाहेरून काय दिसतं

पहिली खूण शेंड्यावर नसते. शेंड्याच्या थोडं खाली, बहुधा गळलेल्या पानाच्या खुणेपाशी, काढलेल्या फुटव्याच्या जखमेपाशी किंवा कलमाच्या सांध्यापाशी साल गडद होते. बोटाने चाचपलं तर तो भाग किंचित खाली बसलेला लागतो. कडेला बारीक चीर पडते, कधी डिंकाचा थेंब येतो, आधी मधासारखा पिवळट आणि मग तपकिरी. डाग खोडाभोवती फिरून पूर्ण वेढा पडला की वरची पानं कडेने वर वळतात, तपकिरी होतात, काही दिवस तशीच लटकून राहतात आणि मग गळतात. पानांवर ठिपके नसतात ही गोष्ट लक्षात ठेवा. ठिपके असतील तर करप्याकडे आधी बघायचं.

जुन्या डागावर भिंग धरलं, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं, तर साल फोडून वर आलेले टाचणीच्या डोक्याहून बारीक काळे उंचवटे दिसतात. अंगठ्याने घासलं की खरखरीत लागतं. ही बुरशीची बीजाणू तयार करणारी घरं. पावसाच्या थेंबाबरोबर त्यातले बीजाणू उडून शेजारच्या कलमावर पडतात. पण हे उंचवटे मेलेल्या कुठल्याही काडीवर येऊ शकतात. कलम दुसऱ्याच कारणाने मेलं, नंतर ही बुरशी त्यावर वाढली, असं सर्रास घडतं. त्यामुळे नुसते काळे ठिपके बघून निकाल देऊ नये.

चाकूने बघायची रीत

धारदार कलम चाकू, स्पिरिट, स्वच्छ फडकं, भिंग. एवढंच. नुकतंच लागलेलं, म्हणजे वरची पानं वळायला लागलीत पण खालची हिरवी आहेत असं कलम निवडा. पूर्ण वाळलेलं कलम निदानाच्या कामाचं नाही, त्यात सगळ्याच बुरशा नांदत असतात.

चाकू स्पिरिटने पुसा. सुरुवात निरोगी भागाकडून करा, दिसणाऱ्या डागाच्या सात-आठ सेंटिमीटर खालून. साधारण दोन-दोन सेंटिमीटरवर सालीचा पातळ, नखाएवढा पापुद्रा काढत वर जायचं. उलट, डागाकडून खाली आलात तर चाकूबरोबर बुरशी निरोगी भागात उतरते आणि रंगही फसवतो. जिवंत भागात सालीची आतली बाजू हिरवट, ओली आणि खालचं लाकूड पांढरट असतं. पापुद्रा काढल्याबरोबर रंग बघा. आंब्याची उघडी पडलेली साल काही मिनिटांतच हवेने तपकिरी होते, मग निरोगी कलमही रोगट वाटायला लागतं. आणि आंब्याचा चीक कातडीवर उततो, म्हणजे फोड आणतो, तेव्हा हातमोजे नसतील तर निदान डोळ्यांना हात लावू नका.

कँकर असेल तर वर जाताना एका ठिकाणी रंग एकदम बदलतो. हिरवट पांढऱ्यातून गडद तपकिरी, मध्ये जवळजवळ रेघ मारल्यासारखी सीमा. पाण्याअभावी किंवा मुळं गेल्याने वाळलेल्या काडीत अशी ठळक काळी सीमा नसते. तिथे हिरवा रंग हळूहळू फिका होत गवती पिवळा होतो आणि साल लाकडाला चिकटून सुकते.

आता सीमेच्या खाली खोड आडवं कापा. बुरशीचा डाग बऱ्याचदा गोल नसतो. एका बाजूच्या सालीकडून गाभ्याकडे निमुळता होत गेलेला, पाचरीच्या आकाराचा तपकिरी भाग दिसतो, बाकीचं लाकूड स्वच्छ. पेन्सिलीहून बारीक कोवळ्या खोडात पाचर स्पष्ट दिसत नाही. तिथे उभा छेद घ्या. लाकडात काळपट तपकिरी रेघा खाली उतरताना दिसतील, आणि त्या सालीवरच्या डागापेक्षा खाली गेलेल्या असतील. म्हणूनच 'वाळलेलं तेवढं छाटलं' असं करणाऱ्यांची कलमं पुन्हा वाळतात. डोळ्यांना दिसणारा रोग संपला तिथे आतला संपलेला नसतो.

कशाशी गल्लत होते

इथे खरा घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

न जुळलेलं कलम. आपल्याकडची कोय कलमं जून-जुलैत कोयी रुजवून, रोपाची पानं तांबूस असतानाच बांधली जातात. कोय कलमाची काडी फुटण्याआधीच, पहिल्या तीन-चार आठवड्यांत सुकली आणि खुंटरोपाचं, म्हणजे काडी ज्यावर बांधली त्या खालच्या रोपाचं, लाकूड पांढरं आहे, तर ते कलम लागलंच नाही इतकाच अर्थ. पानं छाटून काडी आधी तयार न केल्यामुळे, पट्टी सैल राहिल्यामुळे किंवा सांध्यात पाणी शिरल्यामुळे असं होतं. पण पालवी फुटून, पानं पक्की होऊन मग सांध्यापासून काळं पडायला लागलं, तर संशय बुरशीचा. खुंटाच्या बाजूला डाग उतरलाय का ते बघा.

आवळलेली पट्टी. हे प्रकरण आपल्या समजुतीपेक्षा फार मोठं आहे. पॉलिथिनची पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडायची असते. राहिली की खोड जाड होतं आणि पट्टी सालीत रुतते. पट्टीच्या वर फुगवटा, खाली बारीक, वरची पानं पिवळट, आणि जोराच्या वाऱ्यात कलम तिथेच मोडतं. पट्टी सोडून बघितली की आडवी खाच दिसते. खाचेतलं लाकूड स्वच्छ असेल तर कलम वाचतं. तपकिरी असेल तर पट्टीच्या जखमेतून बुरशी आत शिरलेली आहे.

ढेकण्या. काजूच्या कलमांवर पावसानंतर नवी पालवी आली की हा किडा कोवळ्या दांड्यांतून रस शोषतो. तिथे आधी पाणथळ आणि मग काळे लांबट व्रण उठतात, त्यावर चिकाचे थेंब येतात, आणि व्रण एकमेकांना मिळाले की शेंडा वाळतो. हुबेहूब कँकर. फरक दोन. एक, व्रण फक्त त्या वेळच्या कोवळ्या फुटीवर असतात, पक्क्या लाकडावर नाहीत. दोन, व्रण खरवडला की खालचं लाकूड पांढरं निघतं. मात्र हे व्रण जुने झाले तर त्यांतूनही बुरशी आत जाते, तेव्हा आठवडाभरानं पुन्हा सोलून बघायला हरकत नाही.

आंब्याच्या कोवळ्या शेंड्यात शेंडा पोखरणारी अळी असली तर शेंडा उभा चिरला की पोकळ निघतो आणि आत विष्ठा, नशिबात असेल तर अळीही. काम दोन मिनिटांचं, तरी बरेच जण टाळतात.

उन्हाचा चटका. शेडनेट एकाच दिवशी पूर्ण काढली की खोडाची दुपारच्या उन्हाकडची, नैऋत्येची बाजू भाजते. साल तपकिरी, कागदासारखी होते. ओळखायची खूण ही की ओळीतल्या सगळ्या कलमांवर डाग एकाच दिशेला असतो. बुरशी दिशा पाळत नाही.

बुंध्याकडून येणारी कूज. सगळी पानं एकाच वेळी मान टाकतात, शेंडा आणि खालचं पान असा भेद राहत नाही. पिशवी फाडून मूळ बघा. मुळाची साल बोटात निसटून आत दोऱ्यासारखा कणा राहिला तर पाणी साचून मूळ कुजलंय. मातीलगत बुंध्यावर पंख्यासारखे पसरलेले पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. दोन्हीत वरून फवारून काही हाती लागत नाही. पिशवीची भोकं बुजलीत का, पिशवी खालच्या चिखलात बसलीय का, हे आधी.

आणि दगडफूल, शेवाळ. कोकणातल्या पावसात सालीवर राखाडी-हिरवे पापुद्रे येणारच. ते खरवडून काढले की खालची साल हिरवी आणि शाबूत असते. त्यापायी औषध खर्ची घालायची गरज नाही.

गुलाबी रोगाचाही उल्लेख करायला हवा, पण तो पिशवीतल्या कलमांपेक्षा लावून दोन-चार वर्षं झालेल्या आंबा-काजूच्या झाडांत जास्त दिसतो. भर पावसात फांदीच्या बेचक्यात आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे रेशमी पांढरे धागे, नंतर गुलाबी थर, मग साल तडकते आणि पुढची फांदी वाळते. रंगामुळे तो ओळखायला सोपा. पाऊस गेल्यावर गुलाबी रंग फिका पडतो, तेव्हा मात्र फसायला होतं.

कुठली कलमं वाळताहेत तेही बघा

वाफ्यातला नमुना बरंच काही सांगतो. एका कोपऱ्यातली सगळी वाळली तर पाण्याचा किंवा उन्हाचा दोष. वाफाभर विखुरलेली, पण सगळी एकाच मातृवृक्षावरच्या काड्यांची असतील, तर काडीतून आलेली बुरशी. एकाच दिवशी, एकाच माणसाने बांधलेली असतील, तर चाकू. हे कळायला प्रत्येक ओळीला बांधल्याची तारीख, बांधणाऱ्याचं नाव आणि मातृवृक्षाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी हवी. चिठ्ठ्या नसलेल्या रोपवाटिकेत निदान अर्ध्यावरच अडतं.

डब्यातली परीक्षा

प्रयोगशाळा जवळ नसेल तर घरच्या प्लास्टिकच्या डब्यात अंदाज घेता येतो. सीमा मधोमध येईल असे पाच सेंटिमीटरचे तुकडे कापा, अर्धा भाग जिवंत, अर्धा मेलेला. स्पिरिटने पुसून कोरडे होऊ द्या. डब्याच्या तळाला ओला करून पिळलेला टिश्यू कागद घाला, त्यावर दोन काड्या आडव्या ठेवा आणि तुकडे काड्यांवर ठेवा, म्हणजे पाणी थेट लागणार नाही. झाकण लावा, सावलीत ठेवा, रोज एकदा बघा. शेजारी दुसऱ्या डब्यात निरोगी कलमाचे तुकडे तसेच ठेवा.

लासिओडिप्लोडिया भराभर वाढते. दोन-चार दिवसांत सीमेपाशी पांढरट कापूस, मग धुरकट राखाडी, आठवड्याच्या आत काळपट. काळे उंचवटे त्यानंतर येतात. हिरवी पूड दिसली तर ती बाहेरून आलेली सामान्य बुरशी, तिच्यामुळे काही सिद्ध होत नाही. फिकट केशरी-गुलाबी चिकट थेंब आले तर करप्याची कोलेटोट्रिकम बुरशी असण्याची शक्यता जास्त.

निरोगी तुकड्यावरही काळी बुरशी आली तर गोंधळू नका. ती झाडात गुपचूप राहते हे वर आलंच आहे. म्हणून निकाल एकट्या डब्यावर न देता सालीखालची ठळक सीमा, लाकडातला डाग आणि डबा हे तिन्ही जुळले तरच द्यायचा. सूक्ष्मदर्शक मिळाला तर पिकलेले बीजाणू गडद तपकिरी, मध्ये एक आडवा पडदा असलेले आणि लांबीच्या दिशेने रेघा असलेले दिसतात. कोवळे बीजाणू मात्र पारदर्शक आणि एकपेशी असतात, म्हणून फार ताज्या वाढीवरून नाव ठरवू नये.

नक्की झाल्यावर

डाग सांध्याच्या खाली खुंटात उतरला असेल तर कलम फेकायचं. खुंटाला पुन्हा फूट येईल, पण ती रायवळची, म्हणजे कोयीच्या साध्या आंब्याची असेल, आणि ती हापूस म्हणून विकली जाण्याची शक्यता नाकारता येत नाही.

डाग काडीच्या वरच्या भागातच असेल तर आतल्या तपकिरी रेघेच्या शेवटाखाली सात-आठ सेंटिमीटर कापा. तेवढी काडीच उरत नसेल तर मोह सोडा. काप तिरका घ्या, लाकूड पूर्ण पांढरं आहे याची खात्री करा, आणि लगेच बोर्डो पेस्ट लावा. पेस्टसाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना आणि एकूण 1 लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा, चुना उरलेल्या पाण्यात विरवून गाळून घ्या, आणि दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळा. लोखंडी बादली वापरू नका. घासलेला लोखंडी खिळा किंवा कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी थोडी निवळी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी तिचा जोर राहत नाही.

शेजारच्या कलमांवर फवारायचं असेल तर एक टक्का बोर्डो, म्हणजे 10 लिटर पाण्याला मोरचूद आणि चुना प्रत्येकी 100 ग्रॅम, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के पूड 10 लिटरला 30 ग्रॅम. तांबूस कोवळ्या पालवीवर तांब्याची औषधं मारू नका, पालवी करपते. फवारणीने होतं काय, तर बाहेरून येणारे बीजाणू अडतात. लाकडातली बुरशी मरत नाही.

कापलेल्या काड्या आणि मेलेली कलमं वाफ्याच्या कडेला, गडग्यावर किंवा कलमाच्या झाडाखालच्या पातेऱ्यात टाकायची सवय मोडायला हवी. पहिल्या सरीला तिथूनच बीजाणू उडतात. जाळा, पावसाळ्यात जळत नसेल तर खोल पुरा.

पुढच्या हंगामाचं काम मातृवृक्षापासून सुरू होतं. ज्या फांदीवर एक जरी शेंडा वाळलेला आहे त्या फांदीवरून काडी घेऊ नका. काडी काढायच्या सात-दहा दिवस आधी पानं छाटताना देठ ठेवा. देठ आपसूक गळला की खूण बंद झालेली असते, ओरबाडून काढला की उघडी जखम राहते. चाकू दर काही कलमांनंतर आणि मातृवृक्ष बदलला की न चुकता स्पिरिटने पुसा. शेडनेट दोन-तीन टप्प्यांत काढा. पाणी सकाळी, पिशवीत, पानांवर नाही.

शंका राहिलीच तर नमुना दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे, वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे न्या. पूर्ण वाळलेली काडी नेऊ नका. नुकतंच लागलेलं अख्खं कलम पिशवीसकट उत्तम. ते जमत नसेल तर सीमा असलेला पंधरा सेंटिमीटरचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून. बंद प्लास्टिकमध्ये ओला नमुना पोहोचेपर्यंत सडतो आणि त्यावर भलतंच काही उगवतं. सोमवारी-मंगळवारी पाठवा, शनिवारी नको. चिठ्ठीवर जात, कलम बांधल्याची तारीख, मातृवृक्ष, शेडनेट कधी काढली, शेवटचं खत आणि फवारणी कोणती, आणि शंभरातली किती वाळली हे लिहा.